‘मेडिक्लेम आहे का?’ : हृदयविकाराच्या एका रुग्णाचं प्रकरण

हे प्रकरण पिंपरी-चिंचवडमधलं, जानेवारी ते जुलै २०२५ या काळातलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हिशेब समजायला सोपा जावा म्हणून रकमा थोड्या सरळ केल्या आहेत. रुग्णालयाचं आणि विमा कंपनीचं नाव दिलेलं नाही. मी रुग्णहक्कांच्या एका मदत केंद्रात स्वयंसेविका आहे. रुग्णाला मी भाऊ म्हणायचे, त्यांच्या पत्नीला वहिनी. इथेही तसंच लिहिते.

या कुटुंबाकडे हक्क कमी नव्हते. खासगी विमा होता, राज्य सरकारची योजना लागू होती, धर्मादाय रुग्णालयातली सवलतही लागू होत होती. तरीही त्या रात्री सगळं ठरलं ते खिडकीवर विचारल्या गेलेल्या एका प्रश्नावर. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

भाऊ ४६ वर्षांचे. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर. वहिनी घरी शिवणकाम करतात. मुलगा डिप्लोमाला, मुलगी नववीत. राहायला भाड्याच्या दोन खोल्या.

नोव्हेंबर २०२२ पर्यंत भाऊंचा पगार २०,२०० रुपये होता आणि घरातले चौघंही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांसाठीच्या कर्मचारी राज्य विमा योजनेत होते. पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे महिन्याला दीडशे रुपयांच्या आसपास त्यांचे कापले जायचे आणि सव्वातीन टक्के मालक भरायचा. तेवढ्यात दवाखाना, औषधं, मोठं ऑपरेशन, शिवाय आजारपणात पगार बुडाला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के भरपाई. मग भाऊ सुपरवायझर झाले आणि पगार २२,६०० वर गेला. ईएसआयची मर्यादा २१,००० रुपये आहे आणि १ जानेवारी २०१७ पासून ती तिथेच होती. सहामाही संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्च २०२३ पर्यंत, त्यांचं नाव ईएसआयमध्ये राहिलं आणि मग निघालं. महिन्याला २,४०० रुपये वाढले आणि चौघांचं संरक्षण गेलं. अशी घरं आमच्याकडे नेहमी येतात. पगारवाढीचे पेढे वाटताना याची कल्पना कुणालाच नसते.

ठेकेदाराच्या ऑफिसमधून सल्ला मिळाला, ‘मेडिक्लेम काढून घ्या.’ भाऊंनी डिसेंबर २०२२ मध्ये तीन लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी घेतली. १८ टक्के जीएसटी धरून हप्ता साधारण १६ हजार. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढून टाकला, पण भाऊंनी तोवर तीन हप्ते करासकट भरले होते.) एजंटने फोनवर प्रश्न विचारून फॉर्म भरला. आजार काही आहे का? नाही. हे उत्तर खरं होतं. त्यानंतर आठ महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, कंपनीतल्या तपासणी शिबिरात रक्तदाब १५०/९६ निघाला आणि रोजची एक गोळी सुरू झाली.

रेशनकार्ड पांढरं. हे मुद्दाम लिहिते, कारण घरात एक वाक्य पक्कं बसलं होतं : ‘आपलं कार्ड पांढरं, आपल्याला कुठलीच योजना नाही.’ एकेकाळी ते खरंही होतं. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालेली ही योजना पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती, वर्षाला दीड लाखापर्यंत. जुलै २०२३ मध्ये शासनाने ती सगळ्या कार्डधारकांना खुली करून मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४ पासून तो प्रत्यक्षात आला. भाऊंना झटका आला तेव्हा त्याला साडेसहा महिने उलटून गेले होते. या घरात ते कुणालाही माहीत नव्हतं.

ती रात्र

१८ जानेवारी, शनिवार. रात्री पावणेबाराला छातीवर दाब आला, घाम फुटला. आधी पित्त वाटलं. साडेबाराला रिक्षात घातलं आणि १२.५० ला जवळच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात पोचले. दहा मिनिटांत ईसीजी निघाला आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं, अॅटॅक आहे, लगेच अँजिओप्लास्टी करावी लागेल. अशा झटक्यात रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायची असते. जितका उशीर होईल तितका हृदयाचा स्नायू कायमचा मरतो.

मुलगा खिडकीवर गेला. पहिला प्रश्न आला, ‘मेडिक्लेम आहे का?’ तो ‘आहे’ म्हणाला. नंतर त्याने मला सांगितलं, ‘ताई, तो प्रश्न ऐकून एवढं हायसं वाटलं. वाटलं, सुटलो आपण.’ भरतीच्या फॉर्मवर पैसे कोण भरणार या ओळीत ‘विमा’ या चौकटीत खूण झाली. त्याच फॉर्मच्या मागच्या पानावर, खाली, ‘निर्धन / दुर्बल घटक’ अशी चौकट होती. ती कोरी राहिली. विमा आहे म्हटल्यावर खोली ट्विन शेअरिंगची, म्हणजे दोन रुग्णांत एक, अशी लिहिली गेली. जनरल वॉर्ड चालेल का, असं कुणी विचारलं नाही.

विम्याची मंजुरी सकाळी येईल, तोवर एक लाख अनामत भरा, असं सांगितलं. घरात अकरा हजार होते. मेहुणा, शेजारी आणि बचत गटातली एक बाई, अशा तीन फोनवरून पैसे आले. साठ हजार झाल्यावर पावती मिळाली आणि २.२५ ला भाऊंना कॅथलॅबमध्ये घेतलं. दारात आल्यापासून ९५ मिनिटांनी. त्यातली ३५ पैशांची वाट पाहण्यात गेली.

तेवढ्या गडबडीत निवासी डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, ‘बीपी कधीपासून आहे?’ वहिनी म्हणाल्या, ‘झाली असतील पाच-सहा वर्षं, डोकं दुखायचं त्यांचं.’ केसपेपरवर नोंद झाली : एचटीएन (म्हणजे वाढलेला रक्तदाब), ५ वर्षं. पुढचे सहा महिने आम्ही या एका ओळीशी झगडत होतो.

अडचण नेमकी काय होती

मी सोमवारी, २० तारखेला पोचले तेव्हा भाऊ सीसीयूमध्ये, हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात होते आणि धोका टळला होता. एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसला होता. दुसऱ्या रक्तवाहिनीत ८० टक्के अडथळा होता आणि महिना-दीड महिन्यात तिथेही स्टेंट लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बिलाचा अंदाज अडीच लाखांच्या पुढे.

कॅशलेसचं, म्हणजे विमा कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याचं काय झालं, ते बघू. २९ मे २०२४ च्या परिपत्रकात विमा नियामकाने कंपन्यांना बजावलं आहे की कॅशलेसची विनंती आल्यापासून एका तासात निर्णय द्यायचा आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत. चांगला नियम आहे. पण घड्याळ सुरू होतं ते रुग्णालयाने विनंती पाठवल्यावर. इथे टीपीएची, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेची खिडकी रात्री बंद होती. विनंती रविवारी अकराला गेली. कंपनीने दोन तासांत उलट प्रश्न पाठवला : रक्तदाबाची पहिली चिठ्ठी द्या. रविवारी तो प्रश्न कुणी उघडला नाही. सोमवारी वहिनींना विचारलं तेव्हा चिठ्ठी घरी होती. संध्याकाळी सहाला नकार आला, ‘पॉलिसीपूर्वीचा आजार, प्रतीक्षा काळ अपुरा.’ म्हणजे आधीपासूनच्या आजाराला विमा लागू होण्याआधी जितका काळ जावा लागतो, तितका गेलेला नाही. रुग्ण दारात आल्यापासून नकारापर्यंत ४१ तास गेले.

वहिनींना वाटलं, विमा बुडाला. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ घरांना असंच वाटतं. कॅशलेस नाकारणं म्हणजे दावा नाकारणं नव्हे. बिल भरून नंतर परतफेडीचा दावा करता येतो आणि त्या नकारपत्राच्या शेवटच्या ओळीत ते लिहिलेलंही होतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात.

समोरचे पर्याय

सोमवारी संध्याकाळी जिन्याशेजारच्या बाकावर आम्ही चौघं बसलो : वहिनी, मुलगा, मेहुणा आणि मी.

मेहुण्याचं म्हणणं होतं, आत्ताच्या आत्ता ससूनला हलवू, निदान बिल तरी थांबेल. भावना बरोबर होती, पण नुकता स्टेंट बसलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा, आणि बिलाचा मोठा भाग होऊन गेलेला. डॉक्टरांशी बोलून हा पर्याय सोडला.

दुसरा पर्याय जन आरोग्य योजनेचा. हे रुग्णालय योजनेत नव्हतं, त्यामुळे झालेल्या उपचारांना तिचा उपयोग शून्य. दुसऱ्या स्टेंटसाठी मात्र होता. मी हे सांगितल्यावर वहिनींनी लगेच मान हलवली, ‘नाही हो ताई, आमचं पांढरं आहे.’ त्यांना पटवायला माझा अर्धा तास गेला. शेवटी १५५३८८ या मदत क्रमांकावर फोन लावून तो त्यांच्या कानाला दिला, तेव्हा विश्वास बसला.

तिसरा, धर्मादाय सवलतीचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना ठरवून दिली. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची. दुर्बल घटकाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ३ लाख ६० हजार. भाऊंचा पगार तेव्हा २३,५०० होता, म्हणजे वर्षाला २ लाख ८२ हजार. ते बसत होते. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडून अनामत मागायची नाही, हेही त्याच योजनेत आहे. त्या रात्रीची ३५ मिनिटं जाण्याचं कारणच नव्हतं.

आणि चौथा, विम्याशी भांडायचं.

निर्णय, आणि तिथे माझं काय चुकलं

आम्ही विम्यामागे लागायचं ठरवलं. माझा हिशेब असा होता की हप्ते भरलेले आहेत, नकाराचं कारण खोटं आहे, लढाई जिंकण्यासारखी आहे. तो हिशेब चुकला नाही. क्रम चुकला. सोमवारी दुपारी मी टीपीएच्या खिडकीवर तीन तास घालवले आणि धर्मादाय सवलतीचं काम बघणारं, त्याच मजल्यावरचं समाजसेवा अधीक्षकांचं ऑफिस पाचला बंद झालं.

मंगळवारी तिथे गेले. मॅडम सौजन्याने बोलल्या, पण म्हणाल्या, ‘पेशंट ट्विन शेअरिंगमध्ये आहे, मेडिक्लेम आहे, मी दुर्बल घटकात कसं घेऊ?’ मी कॅशलेस नाकारल्याचं दाखवलं. त्या म्हणाल्या, वर विचारून सांगते. मी ‘बरं’ म्हणून परत आले. अर्ज लेखी दिला नाही, पोच घेतली नाही. इतकी वर्षं लोकांना ‘जे मागाल ते लेखी मागा’ म्हणून सांगणारी मी, आणि माझ्याच हातून हे राहिलं. बुधवारी, २२ तारखेला, भाऊंना घरी सोडलं. बिल २,६४,००० रुपये. साठ हजार भरलेले होते, सव्वा लाखाचं सोनेतारण कर्ज काढलं, उरलेले ७९ हजार बचत गट आणि ठेकेदाराची उचल यांतून आले.

२८ जानेवारीला आम्ही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार दिली. रुग्णालयाचा खुलासा आला की उपचार चालू असताना सवलतीसाठी कोणताही अर्ज नोंदलेला नाही. कागदावर ते खरं होतं.

वहिनींची पिशवी

परतफेडीचा दावा ३ फेब्रुवारीला दाखल केला आणि १० मार्चला तोही नाकारला गेला. कारण तेच, केसपेपरवरची ती ओळ. पाच वर्षांपासून रक्तदाब म्हणजे २०२० पासून. पॉलिसी २०२२ ची, म्हणजे आजार लपवला.

आता सिद्ध करायचं होतं की डिसेंबर २०२२ पूर्वी रक्तदाब नव्हता. नव्हता, हे सिद्ध करायचं कसं? मी वहिनींना म्हटलं, जुनं जे काही असेल ते आणा. त्या मुलीच्या शाळेचे दाखले ठेवलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. गॅसची पुस्तिका, लसीकरणाची कार्डं, आणि तळाशी ईएसआय दवाखान्याचे तीन पिवळे पडलेले केसपेपर. जून २०२१, ताप. मार्च २०२२, कंबरदुखी. ऑक्टोबर २०२२, पुन्हा ताप. कोपऱ्यात निळ्या शाईने तिन्हींवर बीपी लिहिलेलं : १२२/८०, १२६/८२, १२६/८४. पॉलिसीच्या दोन महिने आधीपर्यंतचा सरकारी दवाखान्याचा पुरावा. ज्या ईएसआयमधून भाऊंचं नाव निघालं होतं, तिचेच हे कागद.

दुसरा कागद हवा होता तो डॉक्टरांचा. रेकॉर्ड विभागात आधी आम्ही चुकीची मागणी केली, ती ओळ दुरुस्त करून द्या म्हणून. केसपेपरवर खाडाखोड होत नाही आणि ती होऊ नये. मग हृदयरोगतज्ज्ञांना भेटलो. दोन खेपा वाया गेल्या, तिसऱ्यांदा त्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या : रक्तदाबाचा काळ पत्नीच्या अंदाजावरून नोंदवला आहे, उपलब्ध कागदांप्रमाणे निदान ऑगस्ट २०२३ चं आहे, आणि बऱ्याच वर्षांच्या रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड होते तशी जाडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसत नाही. ही शेवटची ओळ त्यांनी स्वतःहून लिहिली. तिचं वजन किती आहे, हे मला तेव्हा कळलंही नव्हतं.

१४ मार्चला हे सगळं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर गेलं. पत्रात आम्ही विचारलं, नियमाप्रमाणे समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही, मग हा कुणाच्या मंजुरीने नाकारला? उत्तर आलं ते ‘आमच्या निर्णयावर ठाम आहोत’ इतकंच. १७ एप्रिलला पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात तक्रार केली. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. कंपनीचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणीची तारीख येण्याआधीच कंपनीचा फोन आला, दावा मंजूर करतो.

मंजूर, पण किती

मे महिन्यात १,८०,४०० रुपये जमा झाले. ८३,६०० कापले. घरचे खूश होते, मीही जवळपास सोडून देणार होते. मग कपातीचा तक्ता बघितला.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० होती. ट्विन शेअरिंगचं भाडं ४,५००. दोन दिवसांचे जादा ३,००० कापले, ते बरोबर. हातमोजे, किट वगैरेचे ५,४०० कापले, तेही पॉलिसीप्रमाणे. खरी गोष्ट पुढे आहे. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की कंपनी बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापते, कारण रुग्णालयं खोलीच्या दर्जाप्रमाणे डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा दरही वाढवतात. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. ४,५०० पैकी ३,००० म्हणजे दोन-तृतीयांश, म्हणून कंपनीने एक-तृतीयांश कापला. खोलीभाडं आणि सीसीयू सोडून उरलेल्या सगळ्या २,२५,६०० रुपयांवर ७५,२०० कापले.

यातलं ‘सगळ्या’ चूक होतं. औषधं, वापराचं साहित्य, स्टेंटसारखं उपकरण आणि तपासण्या यांना ही कपात लावू नका, असं नियामकाने सांगितलेलं आहे. त्यामागचं कारणही सरळ आहे. स्टेंटची कमाल किंमत २०१७ पासून सरकार ठरवतं. जनरल वॉर्डात झोपलं काय की ट्विन शेअरिंगमध्ये, स्टेंट तोच आणि दर तोच. आमच्या बिलात प्रक्रिया, डॉक्टर आणि नर्सिंग मिळून १,०७,००० होते. कपात फक्त तेवढ्यावर, म्हणजे ३५,६६७. उरलेले ३९,५३३ परत करा, असं पत्र दिलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते आले.

दुसरा स्टेंट

हे त्यामानाने झटपट झालं. अडचण एकच आली, पांढरं कार्ड ऑनलाइन नव्हतं. वर्षानुवर्षं धान्य न घेतलेली पांढरी कार्डं बहुतेकदा संगणकावर चढलेलीच नसतात, आणि बारा अंकी नंबर नसेल तर योजनेच्या पोर्टलवर कुटुंब सापडत नाही. मुलगा रेशनिंगच्या परिमंडळ कार्यालयात चार खेपा घालून ते काम करून आला. आधारवर आणि कार्डावर भाऊंचं नाव जुळत नव्हतं, तेही तिथेच सुधारून घेतलं. योजनेत असलेल्या एका रुग्णालयात आरोग्यमित्राने, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाने कागद घेतले, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली आणि २७ फेब्रुवारीला स्टेंट बसला. बिल म्हणून एक रुपयाही द्यावा लागला नाही. घरी सोडताना वहिनींनी दोनदा विचारलं, ‘खरंच काही भरायचं नाही?’

हाती काय लागलं

भाऊ मार्चच्या मध्यावर कामावर परतले. आता जिना चढतात, दम लागत नाही. २,६४,००० पैकी २,१९,९३३ परत आले. ४४,०६७ अंगावर पडले, सोनेतारणाचं व्याज साडेसात हजार झालं, आणि दोन महिन्यांच्या आसपास बिनपगारी रजा झाली. ईएसआय असतं तर त्या रजेचा बराचसा पगार मिळाला असता. अडतीस दिवस वहिनींचं मशीन बंद होतं, त्याचा हिशेब त्यांनी मला सांगितला नाही, मी विचारल्यावरही.

काय वेगळं करता आलं असतं

मुलाच्या जागी स्वतःला ठेवून मी अनेकदा विचार केला आहे. रात्री एक वाजता, बाप स्ट्रेचरवर असताना, एकोणीस वर्षांच्या पोराने ‘मेडिक्लेम आहे, आणि आमचं उत्पन्न ३ लाख ६० हजारांच्या आत आहे, दुर्बल घटकाचा फॉर्मही द्या, खोली जनरलच द्या’ असं म्हणायला हवं होतं का? म्हणता आलं असतं तर अनामत टळली असती, खोलीची कपात टळली असती, आणि कॅशलेस नाकारल्यावर बिल सवलतीत आलं असतं. विमा असणं आणि सवलत मागणं या दोन्ही गोष्टी त्याला एकमेकांच्या विरुद्ध वाटल्या, कारण खिडकीने त्या तशा मांडल्या. पण हा भार त्या पोरावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. हा प्रश्न विचारणं रुग्णालयाचं काम आहे.

वहिनींनी ‘पाच-सहा वर्षं’ म्हणण्याऐवजी ‘नक्की माहीत नाही, चिठ्ठी घरी आहे’ म्हटलं असतं तर सगळा दावाच सरळ गेला असता. आता आम्ही प्रत्येक घराला हेच सांगतो. डॉक्टर आजार किती वर्षांचा विचारतात ते उपचारासाठी, पण तोच आकडा कंपनीच्या टेबलावर पुरावा म्हणून जातो. अंदाज सांगायचा असेल तर तो अंदाज आहे, असं लिहून घ्यायला सांगा. निवासी डॉक्टरांनाही माझी विनंती आहे की कालावधीच्या पुढे ‘नातेवाइकाच्या सांगण्यावरून’ एवढे दोन शब्द घालावेत.

माझ्या बाजूने, मी सोमवारी आधी समाजसेवा अधीक्षकांकडे जाऊन लेखी अर्ज आणि पोच घ्यायला हवी होती, मग टीपीएकडे. विम्याच्या नकारावर नंतरही दाद मागता येते. धर्मादाय सवलतीचा अर्ज रुग्ण खाटेवर असतानाच करावा लागतो. कुठल्या दाराला कधी कुलूप लागतं, ते आधी बघायला हवं होतं. मी बघितलं ते कुठल्या दारातून जास्त पैसे मिळतील हे.

पॉलिसी घेताना खोलीभाड्याची अट कुणी समजावली नव्हती. थोडा जास्त हप्ता भरून ही मर्यादा नसलेली पॉलिसी मिळते. तीन लाखांच्या पॉलिसीत १ टक्क्याची अट असेल तर आमच्या शहरात मोठ्या रुग्णालयात जनरल वॉर्डाखेरीज दुसरी खोली घेऊच नये, इतकं मी आता अनुभवाने सांगू शकते. ही अट एजंटने फोनवर तोंडी सांगायला हवी होती.

नियम बदलले ते चांगलेच झाले. पूर्वीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ ४८ महिन्यांवरून ३६ वर आला, आणि पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की आजार लपवल्याच्या सबबीवर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, दावा नाकारता येत नाही. पण भाऊंच्या पॉलिसीला सव्वीसावा महिना चालू होता. शहरात भाड्याने राहणारा, ठेकेदार बदलला की नोकरी बदलणारा माणूस सलग पाच वर्षं हप्ता भरत राहील का, याची मला काळजी वाटते. एक हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या केंद्राने ऑगस्टमध्ये त्या रुग्णालयाला पत्र दिलं. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत : ‘निर्धन / दुर्बल घटक’ ही चौकट भरतीच्या फॉर्मच्या पहिल्या पानावर, विम्याच्या चौकटीच्या शेजारी घ्या, रात्रपाळीच्या खिडकीवर तो प्रश्न तोंडी विचारला जाईल असं बघा, आणि टीपीएची विनंती रात्रीच पाठवायची सोय करा. पत्राची पोच आमच्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मुलगा दर महिन्याला तिथे भाऊंच्या तपासणीला जातो, तेव्हा खिडकीवरून कोरा फॉर्म मागून घेतो आणि मला त्याचा फोटो पाठवतो. ती चौकट गेल्या महिन्यापर्यंत मागच्याच पानावर होती.